आमच्यात मिशी उशिरा येती

"कोन हाय रं तू? ए! आमच्या पोराचा फोन तुज्याकडं कसा आला? बोल की! आता का दातखीळ बसली?"

आप्पा, म्हणजे माझे वडील, उजनीच्या पाण्याकाठच्या आमच्या गावातून ओरडत होते आणि मी सोलापुरात, भाड्याच्या खोलीत, रविवारच्या दुपारच्या झोपेतून अर्धवट उठून फोन कानापासून हातभर लांब धरून बसलो होतो. मध्ये एसटीचा तीन तासांचा रस्ता. पण आप्पांच्या आवाजाला फोन लागतो असं मला कधीच वाटलेलं नाही. खिडकी उघडी असती तरी काम झालं असतं.

"आप्पा, मीच हाय की," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी कळलं की गेलो आपण. सहा महिने सांभाळलेलं सगळं त्या एका वाक्यात गेलं.

"मी म्हंजे कोन? माज्या पोराचा आवाज मला वळखू येत न्हाय व्हय? त्येचा आवाज साळुंकीवानी हाय. तू रेड्यावानी हंबरतुयास! पोराला फोन दे!"

"आप्पा, खरंच मी हाय. इचारा काय इचारायचं ते."

आप्पांनी पोलिसी आवाज लावला, "आमच्या म्हशीचं कुटलं शिंग मोडलंय?"

"डावं."

"मारलंस व्हय रं माज्या लेकराला! मारून काडून घ्येतलंस त्येच्याकडनं! थांब, उद्या सकाळच्या गाडीनं येतू. त्येच्या केसाला जरी धक्का लागला असंल तर तुला धरनात बुडवतू!"

फोन बंद. मी सव्वीस वर्षांचा होतो. ज्या वयात माणसं पोराच्या बारशाची पत्रिका छापतात, त्या वयात माझा आवाज फुटला होता आणि सख्ख्या बापाला मी स्वतःचाच अपहरणकर्ता वाटलो होतो.

हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे की आता सांगताना माझाच घसा कंटाळतो. लग्नात, मयतीत, बंद पडलेल्या एसटीशेजारी उभा राहून सांगितला आहे. लोक पोट धरून हसतात आणि म्हणतात, ह्याच्यावर विनोदी सिनेमा निघेल. निघेल की. शेवटी दोन आसवंही काढता येतील. पण सिनेमा अडीच तासांत संपतो. माझी इंजेक्शनची सुई दर तीन आठवड्यांनी येते आणि मी सरणावर जाईपर्यंत येत राहणार आहे. म्हणून आज एकदाच बसून नीट लिहितो. थोडं वाढवून लिहीन, ती आमच्या घरची खोड आहे. पण मुद्दा तेवढा खरा आहे.

तर, माझी वाढ नुसती उंचीत झाली. हातपाय ताडासारखे वाढले आणि तोंड मात्र पाचवीच्या वर्गात राहिलं. गालावर लव नाही, ओठावर रेघ नाही, आवाज असा की देवळात आरतीला उभा राहिलो तर बायका वळून बघायच्या, ही कोण नवी सून आली म्हणून. पोरं चिडवायची. त्यांच्या आधी मीच स्वतःला चिडवायचो, म्हणजे त्यांना काही शिल्लक राहायचं नाही. तिथंच मला गोष्टी फुगवायची सवय लागली.

आप्पांना ती जन्मजातच होती. गावात कोणी माझ्या तोंडाकडे बघून भुवई उचलली की आप्पा सुरू. "आमच्यात मिशी उशिरा येती. आमच्या आज्ज्याला तिसाव्या वर्साला आली. पन आली ती अशी आली की दोन्ही टोकाला दोन पोरं झोकं घ्यायची. माजीबी उशिराच आली. पंचविसाव्याला."

यावर सगळे हसायचे, कारण आमच्या सोप्यात आप्पांच्या लग्नाचा फोटो टांगलेला होता. त्यात आप्पा एकवीस वर्षांचे, डोक्याला फेटा, आणि ओठावर काळीभोर, टोकं वळवलेली मिशी. पाव्हणे त्या फोटोकडे बोट करून म्हणायचे, "आप्पा, मग ही काय शेजाऱ्याकडनं मागून आणली व्हय?" आप्पा तंबाखू मळायचे. मीही त्या फोटोकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, बाप माझ्यासाठी सगळ्या गावाशी खोटं बोलतोय. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि लाजही.

खोटं नुसतं बोलून भागत नव्हतं, ते करूनही दाखवावं लागायचं. अठरावं लागल्यापासून दर रविवारी आप्पा मला सलूनवाल्या नानांकडे दाढीला घेऊन जात. वस्तरा फिरवला की केस जोमानं येतात, असं आमच्याकडे सगळे मानतात. बाकावर चार-पाच गिऱ्हाइकं पेपर वाचत बसलेली. नाना सगळ्यांसमोर नव्या ब्लेडचा कागद फाडत, ब्लेड गपचूप खणात टाकत, माझ्या गुळगुळीत गालांना भरपूर फेस लावत आणि रिकामा वस्तरा फिरवत फिरवत मोठ्यानं म्हणत, "लई राठ हाय गा ह्येची दाडी. दोन ब्लेडं खाल्ली."

आठ वर्षं. आठ वर्षं त्या माणसानं माझ्या गालावरचा नुसता फेस काढला आणि एकदाही हसला नाही. आप्पा शेजारी उभे राहून गंभीरपणे सांगत, "कल्ल्याजवळ नीट बग, नाना." मी आरशात बघायचो. तीन मोठी माणसं रिकाम्या वस्तऱ्याकडे लक्ष देऊन बघत आहेत. हसू यायचं आणि घरी जाईपर्यंत सगळं अंग आंबून जायचं.

मला दुसरीही एक गोष्ट नव्हती. मला वास येत नसे. पण ती उणीव आहे असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही. उलट तीच माझी कीर्ती होती. आमच्या गावाला धरणाच्या काठावर मासे उतरवतात. उन्हाळ्यात उरलेसुरले मासे तिथंच कुजतात, तेव्हा कावळेसुद्धा वळसा घालून जातात. मी त्या ढिगाशेजारी बसून पिठलं-भाकरी खाऊन दाखवायचो. पार मोडनिंब गावापासून पैजा लावायला पोरं यायची. गावातली मेलेली कुत्री, तुंबलेली गटारं, सगळ्यांसाठी मला हाक. "लोखंडाचं नाक हाय गड्याचं," आप्पा सांगायचे. वास म्हणजे लोक उगाच करतात तो एक नखरा, असं मला मनापासून वाटायचं.

पुढे सोलापुरात मालवाहतुकीच्या एका ऑफिसात लागलो. रविवारी मात्र गावी जायचो, नानांची खुर्ची चुकायची नाही. चादरी-टॉवेलच्या गाठी कुठल्या गाडीनं कुठं जाणार, ते फोनवर घ्यायचं काम. पहिल्याच दिवशी एका ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, गाडी किती वाजता लावू?" मी म्हणालो, "सहाला." संपलं. त्या दिवसापासून मी बुकिंगची मॅडम. मालक खूश, कारण मॅडम फोनवर आहे म्हटल्यावर एकही ड्रायव्हर शिवी देत नसे. अक्कलकोटकडचा, कानडी वळणानं बोलणारा एक जण तर "नमस्कार री मॅडम" म्हणून रोज दोन मिनिटं जास्त बोलायचा आणि संक्रांतीला ऑफिसच्या पत्त्यावर तिळगूळ आणि डझनभर बांगड्या पाठवून मोकळा झाला. बांगड्या मी आईला दिल्या. मापात बसल्या.

असं चाललं होतं. मग एके दिवशी सकाळी मी चहासाठी काडी पेटवणार, तेवढ्यात माझा खोलीतला जोडीदार बाहेरून आला तो किंचाळतच. काडी माझ्या हातातून हिसकावली, खिडक्या उघडल्या, मला ओढत अंगणात आणलं. सिलिंडरची नळी रात्रभर गळत होती. "सगळ्या गल्लीला वास येतोय! तुला येत न्हाय व्हय?" मी म्हणालो, "कसला वास?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पैजेचा किस्सा सांगायचं मी तोंडातच गिळलं.

त्यानंच मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं, कॉफीची बाटली हुंगायला दिली, कापूर दिला, आणि मग नाक सोडून एकदम विचारलं, "दाढी कधीपासून करता?"

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "अठराव्यापासून. लई राठ हाय."

त्यांनी माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि चिठ्ठी लिहून हार्मोनच्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं.

बाईंनी रक्त काढलं, डोक्याचा फोटो काढला, आणि कागदावर पेननं मेंदूचं चित्र काढून समजावलं. जन्माच्या आधीच मेंदूत एक वाट तयार व्हायची राहून गेली. वास त्याच वाटेनं यायचा असतो, आणि मोठं व्हायचा निरोपही तिथूनच सुटायचा असतो. माझ्या बाबतीत दोन्ही अडले. मला ते लगेच समजलं, कारण माझा धंदाच तो. माल तयार, गाडी उभी, पण वरून बुकिंगची पावतीच फाडलेली नाही. मग गाडी सव्वीस वर्षं अंगणात उभी राहणार नाही तर काय?

बाई म्हणाल्या, "सुईनं सगळं होईल. आवाज, दाढी, ताकद. मूल हवं असेल तर पुढे वेगळे उपचार घ्यावे लागतील, तेही होऊ शकतं. घरात आणखी कोणाला वास येत नाही असं आहे का?"

"छे," मी म्हणालो. "माझे वडील तर उंबऱ्यातून सांगतात आत काय शिजलंय."

घरी कळवायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं. कारण एकच. आठ वर्षं आप्पांनी सगळ्या गावापुढं आपला शब्द माझ्यासाठी पणाला लावला होता. आमच्यात मिशी उशिरा येती. आता मी जाऊन सांगायचं की तसं काही नाही, हा आजार आहे, दवाखान्यात नाव आहे त्याला? मग गाव काय म्हणणार? आप्पा खोटारडे. नाना खोटारडे. आणि आप्पा मला काय म्हणणार, ते तर मला विचारही करवत नव्हतं.

मग सुया सुरू झाल्या, आणि मी मोठा व्हायला लागलो. त्या सहा महिन्यांबद्दल लोकांना फार उत्सुकता असते. सांगण्यासारखं इतकंच की दमलो. पंधराव्या वर्षी हे सगळं होतं तेव्हा आई ताट वाढते, मास्तर कान धरतात, आणि सगळे म्हणतात वय आहे, जाऊ द्या. सव्विसाव्या वर्षी हेच सगळं सकाळी साडेनऊला हजेरी लावून करावं लागतं. तोंडभर पुटकुळ्या. भूक अशी की एका बैठकीत बारा भाकरी. बरं, आठ. मालकानं नुसतं "पंखा बंद कर" म्हटलं तरी राजीनामा द्यावासा वाटायचा, आणि पाच मिनिटांनी त्याच मालकाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटायचं. यातलं काहीही न करता मी रजिस्टर भरायचो.

आवाजानं तर छळ मांडला. "नमस्कार" मॅडमचा निघायचा आणि "बुकिंग" म्हणेपर्यंत कोणीतरी हमाल बोलायचा. ड्रायव्हर लोकांना वाटलं, मॅडमचा नवरा फोन हिसकावतो. अक्कलकोटवाल्यानं एकदा मला दम दिला, "ए, त्यांना त्रास देऊ नको री." शेवटी मॅडम पूर्ण गेली तेव्हा सगळे विचारायला लागले. मी म्हणालो, "लग्न झालं त्यांचं." तो म्हणाला, "चांगलं झालं. सुखी राहा म्हणावं." मी फोन ठेवला आणि गोदामात जाऊन गाठींवर बसून राहिलो. माझ्यासाठी आजवर कोणी इतकं वाईट वाटून घेतलं नव्हतं.

घरचे फोन मी कुजबुजून घ्यायचो. कुजबुजीला बारीक-जाड आवाज नसतो. "ऑफिसात हाय, आप्पा." आप्पांना वाटायचं मालक कडक आहे. रविवारी गावी जाणं सोडलं, दिवाळीलाही गेलो नाही, सुट्टी नाही म्हणालो. आणि मग तो रविवार आला, झोपेत फोन उचलला, आणि पुढचं सांगितलंच.

सोमवारी सकाळी दार वाजलं. दारात आप्पा, हातात काठी. त्यांच्या मागे सलूनवाले नाना, हातात पेटी. माझी ओळख पटवायला आप्पांनी नानांना आणलं होतं. पोलीस नाही, पाव्हणे नाही. माझं तोंड गावात ज्याला सगळ्यात जास्त पाठ होतं, त्याला आणलं होतं.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला तेव्हा कोवळी दाढी होती, बारीक मिशी होती, खांदे जरा भरले होते. काठी वर गेली ती तिथंच राहिली.

"नाना, बग," आप्पा म्हणाले.

नाना पुढे आले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डाव्या कानामागचा तीळ पाहिला आणि मग गालावरून उलटा अंगठा फिरवला. एकदा. दोनदा.

"तोच हाय, आप्पा," नाना म्हणाले. मग अंगठा पुसत, "दाडी खरी हाय."

मला खुर्चीत बसवून त्यांनी पेटी उघडली. या वेळी बाकावर कोणी नव्हतं. त्यांनी ब्लेडचा कागद फाडला आणि ब्लेड वस्तऱ्यात घातलं. आठ वर्षांत त्यांनी मला एकदाही कापलं नव्हतं. त्या दिवशी दोनदा कापलं. "तुज्या गालावर ब्लेडची सवय न्हाय," ते पुटपुटले. "बसून करतू, थांब."

फेसाखालून मी आप्पांना सगळं सांगितलं. आजार, नाक, मेंदूतली वाट, जन्मभराची सुई, मुलाबाळांचं काय ते. फुगवून सांगायला काही सुचलंच नाही. आप्पा कॉटवर बसून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "गावात तुमचा शब्द खोटा पडला, आप्पा. माज्यामुळं."

आप्पा उठले. "घरी चल," एवढंच म्हणाले.

तीन तास एसटीत बाप एक शब्द बोलला नाही. मी जन्मात त्यांना तीन मिनिटं गप्प पाहिलेलं नव्हतं. ते खिडकीशी, मी मध्ये, नाना कडेला पेटी मांडीवर घेऊन. टेंभुर्णीच्या स्टँडवर नानांनी चहा आणला, आप्पांनी तो हातात धरून थंड केला आणि तसाच खिडकीतून ओतला. मला वाटलं, संपलं आता. नाक तर नव्हतंच, आता बापही गेला.

घरी आईनं मला पाहिलं, गालावरून हात फिरवला, नानांनी कापलं होतं तिथं हळद लावली आणि म्हणाली, "बसा. डाळ चुलीवर हाय, बगा जरा. मी म्हशीला पानी दावून येती." नाना आपल्या घरी गेले. आप्पा आणि मी सोप्यात बसलो, चूल पलीकडे हातभर. समोर लग्नाचा फोटो. मी चपलेकडे बघत होतो, आप्पा फोटोकडे. मला वाटतं अर्धा तास गेला. कमीही असेल.

"काय वास सुटलाय डाळीचा," आप्पा सवयीनं म्हणाले.

तेवढ्यात आई गोठ्यातून ओरडत आली. "अवो! अवो, जळून कोळसा झाला की! गोट्यात वास आला मला! हितं दोन गडी बसल्यात आन्..."

ती बोलता बोलता थांबली. भांड्यातून काळा धूर निघत होता. मी धुराकडे पाहिलं, मग आप्पांकडे. आप्पांनी नजर खाली केली, अगदी चोरी पकडलेल्या माणसासारखी.

"आप्पा, तुमालाबी येत न्हाय?"

आईनं पदरानं भांडं उतरवून अंगणात नेऊन ठेवलं, परत आली. "कंदीच न्हाय येत," ती म्हणाली. "बाहिरनं आलं की इचारत्यात काय केलंस, मग आत येऊन सांगत्यात वास चांगला सुटलाय. लग्नापास्नं तसंच."

"आन् मिशी?" मी फोटोकडे बोट केलं. "ही तर हाय की. एकविसाव्याला."

"काजळ हाय ते," आई म्हणाली. "तुज्या आजीनं काडली हुती मांडवात. घाम आला तर पुसायची न्हाय म्हनून बजावलं हुतं. खरी मिशी मागनं चार वर्सानं आली, आपसूक. तू झालास त्येच्या आदल्या साली."

मी उठून फोटोजवळ गेलो. इतकी वर्षं रोज बघत होतो. उजवं टोक डाव्यापेक्षा बोटभर वर होतं.

मला रागही आला, हसूही आलं, आणि सगळ्यात जास्त आला तो थकवा, आठ वर्षांच्या सगळ्या रविवारांचा एकदम. 'आमच्यात मिशी उशिरा येती' या ज्या वाक्याला मी आप्पांनी माझ्यासाठी बोललेलं खोटं समजत होतो, तेवढंच काय ते आमच्या घरात कोणी खरं बोललं होतं.

"मग मला सांगायचं तरी की, आप्पा!" मी माझ्या नव्या आवाजात ओरडलो. भिंतीवरचा फोटो हलला, निदान मला तरी तसं वाटलं.

आप्पांनी तंबाखूची चंची उघडली.

"आट वर्सं तेच सांगत हुतो की," ते म्हणाले.